हक्कसोड

फोंड्याच्या कचेरीत एकवीस वर्षं मी दस्त टाइप करते.
सही कुठे करायची तिथे पेन्सिलीनं बारीक फुली मारून ठेवते.
बहिणी येतात, फुलीवर सही करतात,
शाई लागू नये म्हणून पदर दुसऱ्या हातात धरतात.

मग भाऊ त्यांना जेवायला नेतात.
इसवणाची कापं, सोलकढी,
आणि निघताना पिशवीतून एक साडी.
‘आमच्या घरच्या मुली काही मागत नाहीत’
हे म्हणताना भावांचा आवाज
नुकतीच देवळातली घंटा वाजवून आल्यासारखा होतो.
मी ते वाक्य कधीच टाइप करत नाही,
तरी ते प्रत्येक दस्तात असतं,
दोन कलमांमधल्या कोऱ्या जागेत.

शालन आली त्या मंगळवारी.
सावईचं कुळागर, पोफळी तेराशे, मिऱ्याचे वेल वेगळे,
दिल्लीचं गिऱ्हाईक, रक्कम ठरलेली.
वारस : रोहिदास, उल्हास,
आणि खाली, शाई संपत आल्यासारखं,
शालन.

ती मेली आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं.
अठ्ठावीस वर्षांपूर्वी एका पहाटे
ती वास्कोच्या बसमध्ये कायतानशेजारी बसली
आणि दुपारी घरादारानं तिच्या नावानं अंघोळ केली.
फोटोतून तिला कात्रीनं काढलं.
एक खांदा राहिला,
आईच्या खांद्याला टेकलेला,
तो कुणाला सोडवता आला नाही.

घराचं नाक कापलं, म्हणाले.
चुलत बहिणींच्या सायकली विकल्या त्याच आठवड्यात.
आईनं नथ काढून पेटीत ठेवली.
ज्या नाकाबद्दल एवढं चाललंय
ते आपलंच असावं, असं वाटलं तिला.
पुन्हा घातली नाही.

पण कायद्याला अंघोळ कळत नाही.
मेलेली बहीण सहीपुरती लागते.
आणि इथला कायदा असा
की जावयाचीही सही लागते.
ज्याच्यासाठी कधीकाळी कोयता घासून ठेवला होता
त्याच्यासाठी रोहिदासनं खुर्ची पुसली,
स्वतःच्या रुमालानं.

शालननं दस्त वाचला.
कुणी वाचत नाही. तिनं वाचला, पहिल्या ओळीपासून,
ओळीखाली बोट धरून, पंख्यानं पान उडू नये म्हणून
त्यावर माझाच स्टेपलर ठेवून.
मग भावांना नाही, मला म्हणाली,
‘बाय, यात माझ्या मरणाची तारीख नाही.’
ती लागत नाही, मी म्हटलं.
‘लागेल. मी मेले नसेन
तर ही माणसं कुणाचं सुतक पाळत होती?
आणि मेले असेन तर सही कुणाची घेता?
दोन्हीतलं एक लिहा. मी थांबते.’

उल्हास पुटपुटला, घरातली गोष्ट घरात,
चार लोक ऐकतील.
कचेरीत तेव्हा नेमके चारच लोक होते.
झेरॉक्सवाला, दोन भाड्याचे साक्षीदार, आणि मी.
आम्ही ऐकलं.

कायतान काही बोलला नाही.
तिच्या चष्म्याची डबी हातात घेऊन उभा होता,
ती उठली तेव्हा त्यानं ती उघडून पुढे केली.

दस्त अजून माझ्या खणात आहे.
मुदत गेली, गिऱ्हाईक गेलं असावं.
परवा मी तिच्या नावापुढची फुली रबरानं पुसली.
खूण गेली. खड्डा राहिला,
बोट फिरवलं की लागतो.

माझा दस्त मीच टाइप केला होता,
नऊ वर्षांपूर्वी, याच यंत्रावर.
फुलीची गरजही पडली नव्हती.
साडी मोरपंखी होती.
कपाटात आहे, घडी अजून मोडलेली नाही.

हल्ली मी बहिणींना विचारते, वाचलंत का?
त्या हसतात.
भाऊ घड्याळ बघतात.